नौपाड्याच्या काकांना, एका भिंतीबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही दारातच म्हणालात, "भिंत मी थोडीच बांधली?" पेढा घेतलात, आभार मात्र घेतले नाहीत. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, आता परत करता यायचं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमची वस्ती कळव्यात, पारसिकच्या डोंगराला पाठ लावून बसलेली. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागची संरक्षक भिंत मधोमध फुटली आणि दगडमाती शेवटच्या चाळीच्या मोऱ्यांपर्यंत आली. जीव कुणाचा गेला नाही. त्यानंतर अर्ज, निवेदनं, या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी आमदारांकडे गेलो. त्यांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न दिला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. मसुदा आम्हीच रात्रीत लिहून दिला होता. उत्तर छापून आलं:

"(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

मी तो कागद किती वेळा वाचला असेन! ज्या भिंतीचे दगड आम्ही पाट्यांनी उचलले, ती विधानसभेच्या कागदावर पडलीच नव्हती.

तोच कागद घेऊन मी मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या वाचनकक्षात बसले होते. तुम्ही शेजारच्या खुर्चीवरून हात पुढे केलात, "बघू?" ओळख ना पाळख. वाचून झाल्यावर म्हणालात, "बाई, उत्तर खोटं नाहीये. प्रश्न ढिला आहे." मला राग आला होता, आज कबूल करते. मग तुम्ही पेन्सिलीने दोन शब्दांखाली रेघ ओढलीत. आम्ही लिहिलं होतं, "जून महिन्यात संपूर्ण भिंत कोसळली हे खरे आहे काय?" भिंत पडली जुलैत, आणि तीही सगळी नव्हे, मधला तुकडा. उत्तराची टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला एवढी फट पुरते. पहिल्या भागाला "खरे नाही" म्हटलं की बाकीचे आपोआप कोसळतात, कारण ते सगळे "असल्यास" या एका शब्दावर उभे असतात.

तेव्हा कळलं की तुम्ही विधानमंडळात प्रतिवेदक होतात. सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसून तीस वर्षांहून अधिक काळ तुम्ही इतरांचं बोलणं शब्दशः उतरवलंत. कोणता प्रश्न मंत्र्याला उभं करतो आणि कोणता बसल्या जागी विरून जातो, हे तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल?

त्याच अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा येत नाही, असं तुम्ही सांगितलंत, आणि मार्चमधल्या पुढच्या अधिवेशनापर्यंतचे सगळे रविवार आम्हाला दिलेत. एका भागात एकच गोष्ट, आणि त्या प्रत्येक गोष्टीमागे एक कागद. पंचनाम्याची तारीख, अर्जाचा आवक क्रमांक, भिंतीची मोजलेली लांबी. मी "निष्काळजी अधिकाऱ्यांनी" असं लिहिलं होतं, ते तुम्ही खोडलंत. प्रश्नात आरोप, उपरोध, विशेषण चालत नाही, तसा नियमच आहे. मी हट्ट धरला, तर म्हणालात, "चीड तुमच्याकडे ठेवा. कागदावर तारीख ठेवा." आणि "कार्यवाही केली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" हा शेवटचा भाग मला नुसता रिवाज वाटायचा. तुम्ही दाखवलंत की "खरे आहे" आणि "खरे नाही" यांच्या पलीकडे जाऊन शासनाला स्वतःच्या शब्दांत काही लिहावं लागतं ते तिथेच.

एकदा मी निराश होऊन विचारलं, एकट्या सदस्याने काय होणार? त्या दिवशी तुम्ही दोन माणसांची गोष्ट सांगितलीत. दोघांचे पक्ष वेगळे, विचार वेगळे. पहिले आपल्या ठाण्याचेच खासदार, रामभाऊ म्हाळगी. १९५७ साली मावळमधून विधानसभेत गेले, १९७७ आणि १९८० ला ठाण्यातून लोकसभेत. सभागृहात काय केलं याचा छापील अहवाल ते दरवर्षी मतदारांच्या हाती देत. १९८२ साली ते गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने सुरू झालेली प्रबोधिनी आज उत्तनला लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. दुसरे राजापूरचे खासदार, बॅरिस्टर नाथ पै. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा तो परत मिळवण्यासाठी या विरोधी बाकांवरच्या माणसाने खासगी विधेयक, म्हणजे सरकारचं नव्हे तर सदस्याचं स्वतःचं विधेयक, मांडलं. त्यावर वर्षानुवर्षं खल झाला, पण ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेला परत मिळाला. ती दुरुस्ती बरोबर होती का, यावर तुम्ही मत दिलं नाहीत. एवढंच म्हणालात, "मांडलेलं वाया जात नाही, नोंद राहते."

मार्चमध्ये आमचा प्रश्न पुकारला गेला. पहिल्या भागाचं उत्तर होतं, "हे अंशतः खरे आहे." तो "अंशतः" आमच्या घरात सणासारखा साजरा झाला! तारांकित प्रश्नाची खरी ताकद उत्तरानंतर तिथेच विचारायच्या उपप्रश्नात असते, हे तुम्ही आधीच बजावलं होतं. आमदारांनी उठून तुमचा उपप्रश्न जसाच्या तसा विचारला: कार्यादेश कोणत्या तारखेला दिला? तारीख नव्हती. मंत्री म्हणाले, तपासून घेऊ, पावसाळ्यापूर्वी काम सुरू करू.

मी फोनवर आनंदाने ओरडत होते आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "हे आश्वासन झालं. लिहून ठेवा." लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. "तपासून पाहू", "विचाराधीन आहे" असे शब्दही तिथे आश्वासन धरले जातात आणि तीन महिन्यांत ते पुरं करणं अपेक्षित असतं. आपल्या विधानमंडळातही अशी समिती आहे, हे आमच्या वस्तीत कुणाच्या गावी नव्हतं. मे उजाडला तरी खडी पडली नाही, तेव्हा कामकाजातला तो उतारा जोडून समितीला पत्र पाठवायचं तुम्हीच सुचवलंत. काम सुरू झालं जूनच्या पहिल्या पावसात, पुरं झालं या जानेवारीत.

आमदारांचे आभार आम्ही वस्तीच्या सभेत मानले आणि मनापासून मानले. दुसऱ्यांदा तोच विषय हाती घ्यायला मोठं मन लागतं. पण त्यांच्या हातात जो कागद होता, तो तुमचा होता, काका. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांचे शब्द लिहिलेत, स्वतःचं नाव कुठेच न येता. इथेही नाव लिहिलेलं नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. पण कळव्यातल्या आमच्या वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

या पावसात शेवटच्या चाळीतल्या आजी पहिल्यांदा मागचं दार उघडं ठेवून झोपल्या. त्यांनी तुमच्यासाठी कुळथाचं पीठ दिलंय, घेऊन येते. येताना आमच्या शाळेमागच्या नाल्याचा मसुदाही आणेन. विशेषण एकही नाही, पण दुसऱ्या भागातल्या तारखेबद्दल मला अजून खात्री वाटत नाही. पेन्सिल काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
कळव्याहून