पैलवानास पत्र, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाहून

प्रिय पैलवान,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण मागं शाळेच्या पोरांचा एवढा दंगा होता की पहिल्यांदा "भाचा" आणि "लांब उडी" एवढंच कळलं. तर तुझा प्रश्न असा की अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, हे नापासांचं कॉलेज असतं का, आणि तुझ्या भाच्यासारख्या खेळाडू पोराला तिथं काही भवितव्य आहे का. हे फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन वाच.

पहिलं म्हणजे, मी स्वतः सध्या अशाच कॉलेजात जातो! हसू नको. बायको लॅबमध्ये आणि मी संध्याकाळी पॅसाडीना सिटी कॉलेजात, इथं सगळे पीसीसी म्हणतात, मातीची भांडी करायला शिकतोय. अॅडमिशनला कुणी मार्कशीट मागितली नाही. कटऑफ नाही, कॅप राऊंड नाही, अठरा पूर्ण झाली की या. इथल्या रहिवाशाला एका युनिटला (युनिट म्हणजे क्रेडिट) 46 डॉलर फी आणि साधारण विषय तीन युनिटचा, म्हणजे इथल्या मानानं फारच स्वस्त. माझ्या शेजारच्या चाकावर सत्तरीतल्या एक आजी बसतात, पलीकडं दिवसभर कॉफीच्या दुकानात उभं राहून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याला इथं दोन वर्षं करून मग युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जायचंय. असं जाण्याला इथं ट्रान्सफर म्हणतात आणि कॅन्टीनपासून लायब्ररीपर्यंत पोरं दुसरं काही बोलतच नाहीत, कुठल्या युनिव्हर्सिटीला कुठले विषय चालतात, कौन्सेलरची अपॉइंटमेंट मिळाली का, हेच. त्यामुळं नापासांचं कॉलेज वगैरे डोक्यातून काढ. पैसे वाचवणारे, उशिरा सुरू करणारे, नोकरी करत शिकणारे, सगळ्यांचं आहे.

कॉलेज 1924 सालचं, तेव्हा नाव पॅसाडीना ज्युनिअर कॉलेज. पुढं 1928 पासून इथं अकरावी-बारावी आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं एकत्र चालवायचे, म्हणजे आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजला अजून दोन वर्षं जोडल्यासारखं. ते बरीच वर्षं चाललं. मग मार्च 1933 मध्ये लाँग बीचचा भूकंप झाला आणि इमारती धोकादायक ठरवल्या. तर या लोकांनी काय केलं, तंबू ठोकले आणि तंबूत वर्ग भरवले! आता कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून जाताना समोर पाण्याची लांब तळी आणि मागं पांढऱ्या भव्य इमारती दिसतात, इमारतींना नावं म्हणजे नुसती अक्षरं, सी, डी, आर, पहिले काही दिवस मी सारखा नकाशा उघडून उभा.

आता तुझ्या कामाचं. जॅकी रॉबिन्सन तुला माहीत आहे, 1947 मध्ये अमेरिकेच्या मोठ्या लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडून खेळलेला बेसबॉलवाला. पण तो लांब उडीवाला होता हे माहीत होतं का? 1937 ते 39 तो याच कॉलेजात होता. मे 1938 मधली गोष्ट ऐक. एकाच दिवशी दोन ठिकाणी स्पर्धा, क्लेअरमाँटला ट्रॅक आणि ग्लेंडेलला बेसबॉलची चॅम्पियनशिप. त्याला लवकर उड्या मारायची परवानगी मिळाली, त्यात त्यानं 25 फूट साडेसहा इंच मारली, म्हणजे आपल्या मापात पावणेआठ मीटरच्या वर, ज्युनिअर म्हणजे अशा दोन वर्षांच्या कॉलेजांचा राष्ट्रीय विक्रम, मग गाडीत बसला, गाडीतच बेसबॉलचे कपडे चढवले आणि ग्लेंडेलला जाऊन मॅच खेळला, तीपण जिंकली. तू सांग, जिल्ह्याच्या स्पर्धेला आपण एसटीनं जायचो तर उतरल्यावर अर्धा तास पाय मोकळे होत नव्हते.

आणि त्यानं मोडलेला विक्रम कुणाचा, तर सख्ख्या भावाचा. मॅक रॉबिन्सन, तोही याच कॉलेजचा. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये 200 मीटरला जेसी ओवेन्सच्या मागं रौप्य, चार दशांश सेकंदांचा फरक. मला तर थोरला भाऊच जास्त भावतो. पदक घेऊन परत आला आणि गावानं त्याला काम दिलं ते रस्ते झाडायचं. ऑलिम्पिकचं जॅकेट घालून झाडायचा म्हणे. त्याच गावात ब्रुकसाइडच्या सार्वजनिक स्विमिंग पूलमध्ये काळ्या लोकांना आठवड्यात फक्त मंगळवारी पोहायला सोडायचे. ही गोष्ट इथं फार मोठ्यानं सांगत नाहीत, पण आता कॉलेजच्या स्टेडियमला रॉबिन्सन नाव आहे आणि सिटी हॉलसमोर दोघा भावांचे मोठमोठाले चेहरे उभे केलेत.

त्या स्टेडियमकडून मी कधीकधी क्लासनंतर जातो. संध्याकाळी ट्रॅकवाली पोरं असतात, एक मुलगी वाळूच्या खड्ड्याशी तीच तीच रनअप मोजत होती, टाचेनं खूण करायची, मागं यायची, परत मोजायची, आणि कोच कुंपणापाशी टेकून नुसता बघतोय, एक शब्द नाही. तुझी आठवण आली, फक्त तू तेवढा गप्प बसला नसतास. टीमला लॅन्सर्स म्हणतात, आधी बुलडॉग्ज म्हणायचे. मुलींची बॅडमिंटन टीमपण आहे, मला वाटलं होतं अमेरिकेत बॅडमिंटन म्हणजे फक्त अंगणातला खेळ.

मजा करायला पण बरंच आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये जुना बाजार भरतो, ग्रामोफोनच्या तबकड्या, जुनी जॅकेटं, पितळी कुलपं, काय म्हणशील ते. आणि 1 जानेवारीला रोझ परेड कॉलेजच्या दारातूनच जाते. आदल्या रात्री फुटपाथवर लोक गाद्या, खुर्च्या, शेगड्या घेऊन मुक्कामाला, थेट आपल्या विसर्जनाच्या रात्रीसारखं, फक्त गुलाल नाही. त्या परेडचा ऑनर बँड या कॉलेजचा, 1930 पासून वाजवतात, त्यात आसपासच्या हायस्कूलची निवडक पोरंही घेतात.

आता भाच्याचं, आणि हे ताईंना नीट समजावून सांग. 46 डॉलर हा आकडा रहिवाशांचा आहे. भारतातून व्हिसावर येणाऱ्याला कितीतरी पट पडते आणि वर पॅसाडीनाचं घरभाडं, ते ऐकून ताईंना घाम फुटेल. दुसरं, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, कितीही लांब उडी मारली तरी. टीममध्ये राहायचं तर टर्मला 12 युनिट घ्यावे लागतात आणि खेळायला मिळतात दोनच सीझन, पुढं युनिव्हर्सिटीच्या कोचनं उचललं तर उचललं. त्यामुळं नुसत्या उडीच्या भरवशावर त्याला पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत. त्याला खरंच इकडं शिकायचं असेल, पैशांची सोय असेल, तर दोन वर्षं इथं काढून ट्रान्सफर घेणं हा चांगला रस्ता आहे आणि उडी चालू राहते हा वरचा फायदा. एजंटला पैसे देऊ नका, कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस ईमेलला उत्तर देतं, मी लागेल ते विचारून देईन.

त्याची या सीझनची मापं आणि बारावीला कुठले विषय होते ते पाठव. रनअपचा व्हिडिओ बाजूनं काढ, मागून नको, गेल्या वेळी पाठवलास त्यात नुसती पाठ दिसत होती. वहिनींना नमस्कार.

तुझा,
कुंभार (सध्या तरी)