चौदा तासांचा एक निबंध

प्रिय सुधा,
सप्रेम नमस्कार.

शिक्षिकेची नोकरी सोडावी का, या विचारात लिहिलेलं तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज रात्री उत्तर लिहायला बसायचे आणि समोरचा वह्यांचा गठ्ठा बघून पेन तिकडेच वळायचं. आज गठ्ठा मुद्दाम बाजूला सारलाय, कारण तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. ‘सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही, म्हणजे मीच कमी पडतेय.’ हेच वाक्य मी वर्षभर स्वतःला ऐकवत होते. ते खोटं आहे, सुधा. मी हिशेब मांडून बघितलाय.

गेल्या सत्रात तीन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवली होती. शाळेत पाऊल टाकल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत शाळेचं जे काम केलं, ते मिनिटांसकट लिहायचं. माझ्याकडे ५ तुकड्या, एकेका तुकडीत ४२ मुलं, म्हणजे २१० वह्या. एक निबंध नीट वाचून, चुका दाखवून, खाली दोन ओळी लिहायला ४ मिनिटं धर. झाली ८४० मिनिटं. चौदा तास! एकाच निबंधाचे. वेळापत्रकात माझे ऑफ, म्हणजे मोकळे, तास आठवड्याला ५, आणि कोणी रजेवर असलं की त्यातले दोन-तीन बदली तासांत जातात. मग हे चौदा तास येतात कुठून, हे तुला मी सांगायला नको. झोपेतून, रविवारातून, घरच्यांच्या वाट्यातून. तिथूनही निघाले नाहीत की मुलांच्या वाट्यातून.

हे शेवटचं कसं घडतं ते मी पाहिलंय. एका मुलीने ‘माझे घर’ या निबंधात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की बाबा आता आमच्याबरोबर राहत नाहीत आणि हे मी वर्गात कुणालाच सांगितलेलं नाही. त्याखाली मी ‘छान’ लिहून सही केली होती. महिन्याभराने गुण चढवताना ती वही परत हातात आली, तेव्हा कुठे ते वाचलं. तिने मला सांगितलं होतं गं, आणि मी पुढची वही उचलली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, “मला वाटलं, बाई, तुम्ही वाचलंत आणि तुम्हाला त्यावर बोलायचं नाहीये.”

त्या दिवसापासून शिक्षकांच्या कामाच्या तासांचा विषय निघाला की मला ती वही दिसते.

आपलंच असं आहे असंही समजू नकोस. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना देशोदेशीच्या शिक्षकांची पाहणी करते. २०१८ च्या पाहणीत जपानमधल्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला आणि त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास होते १८. बाकीचे तास तयारी, तपासणी, खेळ नि उपक्रम, बैठका आणि कागद यांत गेले. बाहेरच्या माणसाला मात्र ते अठराच दिसतात. ‘तुम्हाला काय, अर्धा दिवस शाळा आणि लांबलचक सुट्ट्या’ असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, माझी तासांच्या नोंदींची वही पुढे करते.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसच्या परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयीची एक शिफारस मंजूर झाली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना या दोघींनी मिळून ती तयार केली होती. जागतिक शिक्षक दिन याच तारखेला असतो, तो त्यामुळे. त्यात काय म्हटलंय बघ: तासिका ठरवताना शिक्षकाला दिवसाला किती मुलं सांभाळावी लागतात, किती वेगवेगळे पाठ घ्यावे लागतात, तयारीला आणि तपासणीला किती वेळ लागतो, पालकांशी बोलायला किती लागतो, हे सगळं जमेस धरावं. वर्ग इतकाच मोठा असावा की एकेका मुलाकडे लक्ष देता येईल. शिकवण्याबाहेरच्या कामांना वेगळी माणसं असावीत. शिफारस कुणावर बंधनकारक नसते, मान्य. पण आपण रात्री अकराला वैतागून जे बोलतो, ते इतक्या वर्षांपूर्वी इतक्या देशांनी एकत्र बसून लिहून ठेवलंय, हे वाचून मला रडू आलं. मी काही भलतं मागत नव्हते!

आता तुझ्या आवाजाचं. गुरुवारपर्यंत आवाज पार बसतो आणि तू गरम पाणी पिऊन वर्गावर जातेस, असं लिहिलंयस. हे अंगावर काढू नकोस. अमेरिकेतल्या दोन राज्यांतली एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक त्यात निम्म्याहून जास्त होते आणि इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण जेमतेम त्याच्या अर्धं. म्हणजे हा तुझा नाजूकपणा नाही, या कामाचा आजार आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव आणि ‘मी शिक्षिका आहे, दिवसाला इतके तास बोलते’ हे आधी सांग.

माझ्या वहीचं पुढे काय झालं तेही सांगते. स्टाफरूममध्ये आणखी तिघींनी तशीच नोंद ठेवली. चौघींच्या वह्या घेऊन आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. तक्रार केली नाही, फक्त आकडे दाखवले. ते बराच वेळ पानं उलटत बसले. हजेरीची तीच माहिती आम्ही तीन ठिकाणी भरत होतो, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. आता दोन ठिकाणी भरतो. आठवड्यातले २ ऑफ तास तपासणीसाठी राखून ठेवलेत, त्यांत बदली तास लावत नाहीत. वर्गातली मुलं ४२ च आहेत, ते त्यांच्या हातात नाही. मी निबंध महिन्याला एकच देते, पण शेवटपर्यंत वाचते.

तू एकच आठवडा लिही. जेवताना पालकांच्या मेसेजला दिलेली उत्तरंसुद्धा लिही, ती सगळ्यात आधी विसरली जातात. मग नोकरी सोडायची की नाही ते ठरव. सोडलीस तरी मी तुझ्याच बाजूने असेन, फक्त ‘मी कमी पडले’ म्हणून सोडू नकोस.

सत्र संपलं की दोन दिवस तुझ्याकडे येते. तोवर डॉक्टर काय म्हणाले ते कळव. फोन करू नकोस, लिहूनच कळव. घशाला आराम दे.

तुझी,
शुभा