भाव वाढवावा, पण सांगून

रामबाग, इंदूर
६ जानेवारी २०२६

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. सूनबाईची तब्येत आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, पहिले तीन महिने जिने चढउतार कमी कर.

तू विचारलंस, "डब्याचा भाव एकदम दोनशेनं का वाढवलास? मुलं तुटतील ना!" माझ्याकडून जेवणाचा डबा घेणाऱ्या विद्यार्थ्यांतली दोघं-तिघं गेली, खरं आहे. बाकीची आहेत. पण तो भाव का वाढवला हे तुला नीट सांगायचं आहे. दिवाळीपासून हा विषय डोक्यातून जात नाही, आणि फोनवर एवढं बोलणं होत नाही.

दिवाळीनंतर हिशेबाची वही घेऊन बसले. किराण्याचे भाव ताडून पाहिले तर बऱ्याच जिनसांचा भाव वर्षभरापूर्वीचाच. तरी सामान मात्र महिना संपायच्या आधीच संपतंय. आधी मला वाटलं, मुलं वाढली म्हणून असेल. तसंही नव्हतं. मग एका रविवारी शेवयांची खीर केली. माझं माप ठरलेलं आहे, इतक्या दुधाला इतकी पाकिटं, त्यात वर्षानुवर्षं बदल नाही. खीर पळीतून पाण्यासारखी पडायला लागली. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. तोच रंग, तेच चित्र, किंमतही तीच. मागे, बारकोडाच्या बाजूला, निव्वळ वजन १६० ग्रॅम. जुन्या पाकिटाचा कागद मी खिरीचं प्रमाण लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर २०० ग्रॅम!

आता गणित कर. माल गेला वीस टक्के, पण भाव वाढला पंचवीस टक्के. चाळीस रुपयांत २०० ग्रॅम म्हणजे किलोला दोनशे. चाळीस रुपयांत १६० ग्रॅम म्हणजे किलोला अडीचशे. किलोमागे पन्नास रुपये वाढवले असते तर मी दुकानदाराशी दोन शब्द बोलले असते, दुसरं पाकीट उचललं असतं, निदान खिरीचा वार बदलला असता. इथे मला काही ठरवूच दिलं नाही. माझा राग आहे तो याच गोष्टीचा.

त्यानंतर काटाच घेऊन बसले. चहापूड, बिस्किटं, भांडी घासायचा साबण, पापड, टूथपेस्ट. सगळ्यांचंच वजन घटलंय असं नाही, काहींचं जसंच्या तसं आहे. पण ज्यांचं घटलंय त्यांत एक गोष्ट सारखी दिसली: पाकिटाची उंची-रुंदी फारशी बदललेली नाही. साबणाची वडी वरून तेवढीच दिसते, पोट मात्र आत गेलेलं. वेफर्सच्या पुड्यातल्या हवेबद्दल मी बोलत नाही, तिथे नायट्रोजन भरतात तो माल खवट होऊ नये, मोडू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण शेवयांना आणि चहाला कसली हवा लागते?

कंपन्यांची बाजू मी समजून घेतली नाही असं नको समजूस. आपल्याकडे पाच आणि दहा रुपये या किमती दगडात कोरल्यासारख्या झाल्या आहेत. पाचाचं साडेपाच केलं की चिल्लरचा घोळ, दुकानदार टॉफी हातात ठेवतो, आणि मूल पाचचं नाणं घेऊन आलेलं असतं ते परत जातं. खर्च तर वाढतोच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, सगळे उपकर धरून ते साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेलं; पुढे मे २०२५ अखेर साडेसोळावर आणलं. आपल्या माळव्यात सोयाबीनचं इतकं पीक, सोयाबीन संशोधन संस्था इथे इंदुरातच, तरी देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतं. आणि पामतेल तर बिस्किटात, नमकीनमध्ये, साबणात, सगळीकडे. तेव्हा कारखान्याला झळ लागते हे मी मान्य करते. झळ मलाही लागते. प्रश्न पुढचा आहे, ती ग्राहकाकडे सरकवायची कशी?

काडेपेटीचं बघ. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटी एक रुपयाची दोन रुपये झाली. चौदा वर्षांनी वाढ! कारखानदारांनी आधी एकत्र बसून जाहीर केलं, पेपरात छापून आलं, कारणंही सांगितली: फॉस्फरस महागला, मेण महागलं, पुठ्ठा महागला. आणि पेटीतल्या काड्या छत्तीसवरून पन्नास करणार असंही सांगितलं. घरोघरी बायकांनी कुरकुर केली आणि काडेपेट्या घेतल्या. दुधाचंही तसंच. आमच्याकडे अर्ध्या लिटरची थैली अर्ध्या लिटरचीच राहिली. भाव वाढतो तेव्हा आदल्या दिवशी बातमी येते, सकाळी दूधवाला दोन रुपये जास्त मागतो. राग येतो, पण आपल्याला कोणी अंधारात ठेवलं असं वाटत नाही.

पूर्वी याला कायद्याचाच लगाम होता, हे मला अलीकडे कळलं. २०११ च्या नियमांत एकोणीस जिनसांची मापं बांधून दिली होती. चहा, कॉफी, बिस्किटं, ब्रेड, तेल, आटा, मीठ, साबण, कपड्यांची पावडर, अशा. ठरलेल्या वजनातच पाकीट काढायचं. ही अट २०२२ मध्ये उठली. बदल्यात पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापायचा नियम आला, आणि १ जानेवारी २०२४ पासून तो सक्तीचा झाला. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. वजन कितीही असू दे, दर वाचला की लबाडी उघडी पडते.

पण नलू, तो दर कसा छापतात ते बघ. एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा दर, वरचं असेल तर किलोचा. चहाच्या एका पुड्यावर ०.४३ रुपये प्रति ग्रॅम, शेजारच्या पुड्यावर ०.४७. बाई बघते आणि म्हणते, चार पैशांचा तर फरक! तेच ४३० रुपये किलो आणि ४७० रुपये किलो असं लिहिलं तर तिचा हात पहिल्या पुड्याकडे आपोआप जाईल. आपण भाव किलोनं, पावानं ऐकत मोठ्या झालो. इथल्या सियागंज बाजारातला व्यापारी काय किंवा भाजीचा ठेलेवाला काय, ग्रॅमचा भाव कोणी ओरडत नाही. शंभर ग्रॅमचं पाकीट असलं तरी किलोचाच दर छापायला लावा आणि किमतीइतक्याच अक्षरात छापायला लावा, एवढी माझी मागणी आहे. फ्रान्समध्ये तर जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांनाच पाटी लावावी लागते, या मालाचं वजन घटलंय आणि त्याचा खरा दर वाढलाय म्हणून. दोन महिने ती पाटी ठेवायची. आपल्याकडे हे का होऊ नये?

तेलाची गोष्ट तर मी ऐकून थक्कच झाले. तेल गरम झालं की फुगतं, हे आपल्याला कढईत रोज दिसतं. काही पाकिटांवर लिटरच्या बरोबरीनं तापमान छापलेलं असायचं, आणि ते कधी कधी ६० अंशसुद्धा! २१ अंशांना एक लिटर सोयाबीन तेल ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना तेच लिटर ८९२.६ ग्रॅम. हे आकडे सरकारनंच दिलेत. म्हणजे ६० अंशांचा लिटर दाखवून लिटरमागे सव्वीस ग्रॅम तेल गाळता येतं, आणि पाकिटावर छापलेलं काही खोटंही ठरत नाही. २०२२ मध्ये सरकारनं तेलवाल्यांना सांगितलं की तापमान छापू नका, लिटरबरोबर वजनही द्या, आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंत पाकिटं सुधारून घ्या. मी तेव्हापासून लिटर बघतच नाही, ग्रॅम बघते. लिटरच्या थैलीशेजारी ८५० ग्रॅमची, ८०० ग्रॅमची थैली ठेवलेली असते आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. तूही बघ.

तू म्हणशील, मग सुटं घे. डाळ, तांदूळ, रवा मी सियागंजातून सुटंच आणते, पोत्यानं घेतलं की परवडतं. शेव-नमकीनही इथे डोळ्यांसमोर तोलून देतात, पाव किलो म्हणजे पाव किलो, नापतोलवाल्यांचा, म्हणजे वजनमाप खात्याचा, शिक्का मारलेला काटा. पण तेल सुटं विकायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलं गेलं आणि कितीतरी माणसं दगावली, ते आपल्याला आठवतं. पाकीट हवंच. म्हणूनच पाकिटावर भरवसा ठेवता आला पाहिजे.

आणि सुटं, पोत्यानं घेणं मला जमतं, कारण माझ्या हातात महिन्याच्या सुरुवातीला डब्यांचे पैसे येतात. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या शकुनबाईंचं तसं नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरून दहाचा चहा, पाचचं बिस्किट, एक छोटी तेलाची थैली घेतात. रोजचं रोज. त्यांच्या दृष्टीनं दहाचा चहा म्हणजे सकाळी चौघांचा आणि संध्याकाळी दोघांचा. परवा म्हणाल्या, "ताई, आजकल शाम की चाय पूरी नहीं पड़ती, पत्ती में दम नहीं रहा." मी त्यांच्या पुड्याचं वजन करून दाखवलं. पत्तीत दम होता, पत्तीच कमी होती. त्या बराच वेळ तो पुडा हातात धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मैं तो बहू को डाँटती थी, कि ज़्यादा डालती है." ज्याला मोठं पाकीट परवडत नाही त्याच्याच पाकिटातून हे काढून घेतात, नलू, आणि भांडण लागतं त्याच्या घरात.

मध्यंतरी उलटही झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, नमकीनवरचा १२ वरून ५. त्यानंतर काही पाकिटांचं वजन वाढलेलंही मी पाहिलं, चांगली गोष्ट आहे. पण वाढलं तेव्हा पुढच्या बाजूला पिवळ्या पट्ट्यावर ठळक अक्षरात 'जास्त'. घटलं तेव्हा मागे, बारीक. जास्त दिलं हे ठळक सांगता येतं, तर कमी दिलं हेही तितकंच ठळक सांगता येईल.

आता माझ्या डब्याचं. हिशेब जुळेना तेव्हा या धंद्यातल्याच एका बाईंनी सल्ला दिला, "भाव कशाला वाढवतेस, कणकेचा गोळा जरा लहान कर. पोळ्या चारच राहतात, कोणाला कळतंय." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्या तसंच करतात. पण मी त्या शेवयांच्या पाकिटावर महिनाभर चिडलेली, आणि तेच मी या पोरांना करू? ती रात्री अकराला अभ्यास करताना भुकेजतील, भंवरकुआँच्या ठेल्यावर वीस-तीस रुपयांचे पोहे खातील आणि आईला फोनवर सांगतील की हल्ली भूक फार लागते. छे!

मग प्रत्येक डब्यात चिठ्ठी घातली. तेल, डाळ, गॅस यांचा खर्च वाढला आहे. १ डिसेंबरपासून महिन्याचे २,६०० ऐवजी २,८०० रुपये घेईन. पोळ्या चारच, तेवढ्याच, भाजीची वाटी तीच. परवडत नसेल त्यानं येऊन बोलावं. एक रीव्याचा मुलगा आला, त्याच्या वडिलांचं काम सुटलं होतं. त्याचा भाव जुनाच ठेवला आहे, हे तुलाच सांगते. गेले त्यांचा मला राग नाही. त्यांना कळलं, त्यांनी ठरवलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा माझ्याकडे आहे. वाण लुटताना मी प्रत्येकीला घरून चहाचं किंवा साबणाचं रिकामं पाकीट आणायला सांगणार आहे. एकदा किलोचा दर काढून दाखवला की पुढे त्या स्वतः बघतील. पाकिटावर छापल्याहून कमी माल निघाला तर तो सरळ गुन्हा आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, तो नंबरही सगळ्यांना लिहून देणार आहे. जोशीवहिनी म्हणाल्या, सणासुदीला हे काय. म्हटलं, घर चालवणाऱ्या बायका एका जागी दुसऱ्या कधी भेटतात?

तुझ्याकडून एक काम हवंय. तुमच्या भागात शेवया, चहा, रवा, भांड्यांचा साबण आणि तेलाची थैली यांचं वजन, किंमत आणि छापील दर लिहून पाठव. कंपनीचं नावही लिही. इथे आणि तिथे एकाच किमतीला एकच वजन आहे का ते मला बघायचं आहे. जुनी रिकामी पाकिटं सापडली तर टाकू नकोस, वजनाची बाजू कापून पाकिटात घालून पाठव.

काकांना नमस्कार, सूनबाईला अनेक आशीर्वाद. तिळाच्या वड्या शुक्रवारी कुरिअरनं टाकते.

तुझी,
मंदा