त्या चार सह्या माझ्या नाहीत

रात्रपाळीच्या काकांना,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणूनच कदाचित हे मोकळेपणाने लिहिता येतंय. तिथल्या रीतीप्रमाणे मी तुम्हाला नावानेच हाक मारायचो, पण मनात तुम्ही काकाच होतात.

अमेरिकेतल्या गल्फच्या किनाऱ्यावरच्या त्या मत्स्यालयात आम्ही प्रवाळाचा नवा देखावा बसवत होतो. हरिकेन, म्हणजे मोठं चक्रीवादळ, येतंय हे चार दिवस आधीपासून टीव्हीवर दिसत होतं. आमचे साहेब म्हणाले, उद्घाटनाची तारीख हलणार नाही, सांधे भरून होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. एवढं बजावून ते स्वतः गाडीत सामान भरून उत्तरेला निघून गेले. मग फोनही उचलेनात. रस्ते बंद झाले तेव्हा आम्ही तिघं सिलिकॉनच्या नळ्या हातात धरून तिथेच होतो. ते सिलिकॉन वाळायलाच कित्येक दिवस लागतात, हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे!

तुम्हाला जाता आलं असतं. तुम्ही थांबलात. 2005 च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या मत्स्यालयातला जनरेटर बंद पडला आणि हजारो मासे गुदमरून मेले, ती गोष्ट तुम्ही त्या संध्याकाळी सांगितलीत. पाण्यात राहणारा जीव गुदमरतो, हे मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. मी देखावे लावणारा माणूस. माझ्यासाठी टाकी म्हणजे काच, रंग आणि उजेड.

मध्यरात्रीच्या सुमारास वीज गेली. जनरेटर थोडा वेळ चालला, मग तोही खोकत बंद पडला. पंप थांबल्यावर इमारतीत जी शांतता झाली, ती बाहेरच्या वाऱ्यापेक्षा भयानक होती. बॅटरीवरचे हवेचे पंप मोठ्या टाक्यांना पुरले. मागच्या खोलीतल्या लहान टाक्यांसाठी उरल्या बादल्या. पाणी उपसायचं, उंचावरून परत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. दर वीस मिनिटांनी, एकदा तुम्ही, एकदा मी. एसी बंद, पाणी तापत चाललेलं, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. माझे दोघे सोबती वरच्या मजल्यावर गळतीशी झुंजत होते.

दोन वाजून गेल्यावर माझे हात उचलेनात. तुम्ही माझ्याकडची बादली काढून घेतलीत, "वीस मिनिटं पड, मी उठवतो," म्हणालात आणि तुमचं जाकीट गुंडाळून माझ्या डोक्याखाली सरकवलंत. खाऱ्या पाण्याचा आणि ग्रीसचा वास येत होता त्याला.

तुम्ही उठवलंच नाहीत. जाग आली तेव्हा पाच वाजले होते. तुम्ही तशीच बादली ओतत होतात, पाठ वाकलेली. मी ओशाळून नोंदीच्या कागदाकडे धावलो, तर माझ्या पाळ्यांसमोर माझीच आद्याक्षरं होती. तुमच्या टपोऱ्या, वाकड्या अक्षरात. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "आता तुझी पाळी."

सकाळी काही मासे गेलेच होते. बरेच वाचले.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, काका. पण मदत करून वर समोरच्याची लाजही झाकणारे किती? हुकूम सोडून पळालेल्या माणसाचा राग मला अजून येतो. पण खरं सांगायचं तर तो हल्ली मागे पडतो, आणि आठवतं ते जाकीट.

आठवड्याने साहेब परतले. तो कागद हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, या मुलाने एकही पाळी चुकवली नाही." तुम्ही मागे पाना पुसत उभे होतात. तुम्ही गप्प राहिलात. मीही राहिलो, आणि शाबासकी खिशात घातली.

2.40, 3.20, 4.00 आणि 4.40. या चार सह्या माझ्या नाहीत. त्या तुमच्या आहेत.

तुमचा,
बादलीवाला पोरगा