सुती नको म्हणालो त्याबद्दल

विनिपेग, कॅनडा,
9 नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पा,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर मी "हिवाळ्यात इकडे येताना सुती काही आणू नका" म्हणालो आणि तुम्ही गप्प झालात. मग आईने फोन घेतला आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या तयारीचं बोलत बसली. तुमचं गप्प होणं मी लहानपणापासून ओळखतो. अडतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जेकॉर्ड मागावर चादरी काढलेल्या माणसाला पोरगा इतक्या लांबून सांगतोय की सूत नको. राग येणारच. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, त्यात आई मधेच "कानाला रुमाल बांध रे" म्हणते, म्हणून सगळं कागदावर लिहितोय. शांतपणे वाचा, चष्मा लावून.

दोष चादरीचा नाही. झालं ते माझ्या येडेपणामुळे, आणि ते चर्चिलला झालं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

चर्चिल म्हणजे इथून वर हडसन उपसागराच्या काठावरचं गाव, पांढऱ्या अस्वलांसाठी प्रसिद्ध. तिथे जायला रस्ताच नाही. विमान नाहीतर रेल्वे. रेल्वेने सुमारे 1,700 किलोमीटर, दोन रात्री, आणि उशीर झाला तर कोणी तक्रार करत नाही. वरच्या भागात रुळाखालची जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात तिचा वरचा थर सुटतो, रूळ खचतो, म्हणून गाडी बैलगाडीसारखी चालते. 2017 साली पुराने रूळ वाहून नेला तेव्हा दीड वर्ष गाडीच बंद होती. तिथल्या एका लॉजचा फर्नेस बंद पडला म्हणून मला पाठवलं होतं. सोलापुरात एसी दुरुस्त करणारा माणूस इथे लोकांची घरं गरम करत फिरतो, याचं तुम्हाला हसू येतं ते माहीत आहे. मलाही येतं.

माझी पहिलीच हिवाळी फेरी. अंगात सुती बनियन, त्यावर सुती पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर आईने विणलेला स्वेटर, वर कंपनीचं जाकीट. आणि गळ्याला मफलर म्हणून आपला सोलापुरी टॉवेल. वाटलं, एवढं घातलंय, काय होतंय. स्टेशनवरून फर्नेसची मोटार आणि हत्यारं घसरगाडीवर ठेवून ओढत नेली. बर्फातून ओढायचं म्हणजे घाम फुटणारच, आणि फुटला. छान वाटत होतं, अगदी गरम. मग लॉजच्या मागे जाऊन धुराड्याचा पाइप बघत उभा राहिलो, तो आतून दहिवराने बुजला होता. वीस मिनिटं झाली असतील. आधी पाठीवर कोणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. मग दात वाजायला लागले. मग हातातला पाना पडला आणि मला तो उचलावासा वाटेना. गळ्यातला टॉवेल श्वासाच्या वाफेने भिजून गोठला होता, वाळवणातल्या पापडासारखा कडक.

लॉजवर तिथल्या डेने या आदिवासी जमातीचा एक म्हातारा कामाला होता. त्याने मला दंडाला धरून आत नेलं, एक शब्द न बोलता जाकीट, टी-शर्ट, बनियन सगळं उतरवायला लावलं आणि स्वतःची लोकरीची बंडी घातली. टोचत होती. पण अप्पा, पाच मिनिटांत ऊब आली, आणि त्या बंडीत काही वीज नव्हती. माझ्याच अंगाची ऊब होती, फक्त ती पळून जात नव्हती.

आता तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगतो. उन्हाळ्यात शेडमध्ये पाणी मारायचे ना, कोरडं सूत तुटतं म्हणून? सूत पाणी धरतं. मागावर तोच त्याचा गुण. टॉवेलचा तर धंदाच त्यावर. अंग पुसायला सुतासारखं दुसरं काही नाही, आणि उन्हाळ्यात सोलापुरात घाम शोषून थंडावा देतं तेही त्यामुळेच. इथे नेमकं तेच नडतं. कपडा गरम नसतो, त्यात अडकलेली हवा ऊब राखते. सूत भिजलं की त्यातली हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. लोकरही पाणी पिते, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण ते तंतूच्या आत राहतं. तंतू कुरळे असतात म्हणून एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि हवा तशीच राहते. चादरीत तुम्ही काय भानगड करता? दुहेरी विणीत दोन थरांमध्ये हवा ठेवता. तत्त्व एकच आहे. फक्त धागा बदलायचा.

म्हणून म्हणतो, अंगाला लागून सुती बनियन नको. आतले कपडे मी इथून घेऊन ठेवलेत, तुमचे आणि आईचे, पातळ लोकरीचे, टोचत नाहीत. आईला लुगडंच नेसायचं असेल तर घरात नेसू दे. बाहेर पडताना आत लोकरीची विजार घालावीच लागेल. यावर मी तिच्याशी वाद घालणार नाही, तिची सून घालेल.

दुसऱ्या दिवशी म्हातारा माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालला. मी भराभर चाललो की तो जवळ येऊन माझ्या जाकिटाची चेन खाली ओढायचा. तीनदा केलं. मला आधी वाटलं टिंगल करतोय. नंतर कळलं, घाम यायच्या आधी उघडायचं, थांबलं की लगेच लावायचं. चालायला लागताना थोडं गारच वाटलं पाहिजे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ बरे, ते यासाठीच.

आता वाऱ्याचं. इथे बातम्यांत दोन आकडे सांगतात, एक हवेचा, एक अंगाला वाटेल तो. तुम्ही फोनवर "उणे 30 का उणे 46, नक्की एक सांग" म्हणून ओरडला होता. दोन्ही खरे. हवा उणे 30 आणि वारा ताशी 30 किलोमीटर असला की उघड्या कातडीला ते उणे 46 सारखं झोंबतं. हे गणित पहिल्यांदा अंटार्क्टिकावर गेलेल्या सायपल आणि पॅसल या दोघांनी मांडलं, 1945 साली छापलं. पाणी भरलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं, एवढाच प्रयोग. पुढे 2001 मध्ये गार वाऱ्याच्या बोगद्यात माणसांना चालवून ते सुधारलं. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की त्या उणे 46 ला उघडं नाक-गाल पाच-दहा मिनिटांत गोठू शकतात. दुखतही नाही, म्हणून जास्त वाईट. कातडी पांढरी, मेणासारखी दिसते. आपण दोघं बाहेर असलो तर मी तुमच्या नाकाकडे बघेन, तुम्ही माझ्या. पांढरं दिसलं की आत यायचं आणि कोरडा उबदार हात ठेवायचा. चोळायचं नाही. शेगडीपुढे शेकायचंही नाही, तिथे जाण नसते, भाजलेलं कळत नाही. तुमच्या पायांना साखरेमुळे आधीच जाण कमी आहे, म्हणून हे तुम्हाला दोनदा सांगतोय.

तुमच्या पांढऱ्या माकडटोपीवर मी दहावीत असताना जे जे बोललो ते सगळं मागे घेतो. इथे तिला फार मान आहे, ती आणाच. तुमची तपकिरी टोपीही.

हातमोजे आणू नका. पाच बोटांचे नकोतच. बोटं वेगवेगळी बिऱ्हाडं करून राहिली की प्रत्येक जण गारठतो. एका पिशवीत चौघं राहिले की एकमेकांना ऊब देतात, अंगठा तेवढा वेगळा, घरजावई. बूटही मीच घेईन. दोन मोजे कोंबून घट्ट बूट घालायची आपली सवय इथे घातक आहे, पाय आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटं आधी जातात. बुटात बोटं हलली पाहिजेत.

इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत घालू नका. हातातल्या पिशवीत, आणि विमानतळाबाहेर पडताना शर्टाच्या आत. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं नसतं, फेकावं लागतं. मोबाइलही आतच ठेवा, थंडीने बॅटरी माना टाकते. चष्म्याची धातूची फ्रेम बदलून प्लॅस्टिकची करून घ्या, नवी पेठेत होईल. विमानतळावर मी जाकिटं घेऊन दारातच उभा असेन, तोवर तुम्ही स्वेटरमध्ये असलात तरी चालेल.

पार्किंगमध्ये गाड्यांच्या बॉनेटमधून वायर लोंबकळताना दिसतील. त्या बॅटरीवरच्या गाड्या नव्हेत. रात्रभर इंजिन कोमट ठेवायला प्लग लावतात, नाहीतर सकाळी तेल गुळाच्या पाकासारखं होतं. चर्चिलला तर प्रोपेन गॅसचीही पंचाईत. तो उणे 42 ला उकळतो, त्याच्याखाली टाकीत नुसतं पाण्यासारखं पडून राहतो, चुलीपर्यंत येतच नाही. आपल्याकडे हिवाळ्यात सिलिंडर मंद झाला की तुम्ही तो गरम पाण्यात ठेवायला निघायचात आणि आई ओरडायची. आई बरोबर होती.

खाण्याचं मात्र आपण जिंकलो. चर्चिलच्या त्या रेल्वेत लोकांची सफरचंदं आणि सँडविच दारापाशी ठेवली की दगड व्हायची. माझी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जशीच्या तशी. भाकरीत पाणीच नाही, गोठणार काय? आणि चटणीत तेल. अंगात ऊब तयार व्हायची तर पोटात तेल-तूप लागतं, इथले लोक खिशात लोणी-चॉकलेट घेऊन फिरतात. दारू मात्र नको. मामा आले असते तर त्यांना सांगावं लागलं असतं, ती पोटात गेली की कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम वाटतं आणि खरी ऊब बाहेर निघून जाते.

हिची तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी जानेवारीचा दुसरा आठवडा सांगितलाय, म्हणजे यंदा नंदीध्वज निघतील तेव्हा तुम्ही इथे बाळाची वाट बघत असाल. मला त्याचं वाईट वाटतं. तुम्ही म्हणालात की सिद्धरामेश्वर समजून घेतील, पण तुम्ही एकही गड्डा चुकवलेला मला आठवत नाही.

आता दोन वस्तू आणा. एक घोंगडी. हसू नका. घरात कोणी घोंगडी आणली की "धनगराचं टोचतं पांघरूण" म्हणून तुम्ही नाक मुरडायचात, आणि मीही तुमच्याबरोबर. पंढरपूरला गेलात की काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ असलेली बघून घ्या. मेंढपाळ भर पावसात ती खोळ करून का उभे राहतात ते मला चर्चिलला कळलं. गाडीत अडकलो तर पायावर टाकायला ठेवीन.

आणि एक चादर. मी "काही आणू नका" म्हणालो ते बाहेर घालायच्या कपड्यांबद्दल होतं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घरात बाविसाच्या आसपास असतं, कोणाला घाम येत नाही, आणि इथली रजई मला जड होते. डबल बेडची नको. तुमच्या मागावरची, मोराची, जी कपाटात वरच्या फळीवर आहे आणि आई कोणाला देत नाही, ती. बाळाला पाळण्यात नाही घालता येणार, इथे पाळण्यात काहीच सुटं ठेवू देत नाहीत. जमिनीवर अंथरू.

आईला साष्टांग नमस्कार. ताईला पत्र वाचायला द्या, म्हणजे तिला वेगळं लिहायला नको.

आपला,
बाळू

ता. क. चटणी खलबत्त्यात कुटलेलीच आणा, मिक्सरची नको. आणि ती दोन पिशव्यांत बांधा, मागच्या वेळी माझ्या सगळ्या शर्टांना तेल लागलं होतं.