रीलोडिंगची पहिली पावडर : स्पीड बघून निवडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रायफलची काडतुसं स्वतः भरण्यावर म्हणजे रीलोडिंगवर लेख आला होता. मराठीत या विषयावर एवढं सविस्तर कोणी लिहीत नाही त्यामुळे आधी खूप बरं वाटलं, केस म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं साफ करणं, ते परत मापात आणणं (साइझिंग), वाढलेली लांबी कापणं (ट्रिमिंग), ठिणगी देणारा प्रायमर बसवणं हे सगळं छानच समजावलंय. पण पावडर, म्हणजे केसमध्ये भरायची दारू, निवडायच्या भागात दोन गोष्टी अशा छापल्या गेल्यात की नवा माणूस त्या खऱ्या मानून चालला तर रायफल तर जाईलच, डोळाही जाऊ शकतो, म्हणून हे पत्र लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ज्या पावडरने बुलेटला (गोळीला) सगळ्यात जास्त स्पीड मिळतो ती घ्या असा सल्ला. अहो, शिकणाऱ्याला पन्नास फूट प्रति सेकंद जास्त मिळून करायचंय काय? त्याला हवी अशी पावडर जी त्याच्या कार्ट्रिजसाठी (काडतुसाच्या प्रकारासाठी) आणि त्याच्या बुलेटच्या वजनासाठी रीलोडिंगच्या एकापेक्षा जास्त मॅन्युअलमध्ये दिलेली आहे आणि जी केस बऱ्यापैकी भरते. केस भरण्याचा मुद्दा लेखात आलाच नाहीये आणि माझ्या मते नवशिक्यासाठी तोच सगळ्यात मोठा आहे. पावडर केसमध्ये वरपर्यंत येत असेल तर चुकून डबल चार्ज (चार्ज म्हणजे एका काडतुसात टाकायची मोजलेली पावडर) पडला की ती बाहेर सांडते, लगेच दिसतं. पिस्तूलच्या फास्ट पावडरचा छोटासा चार्ज रायफलच्या केसच्या तळाशी पडून राहतो, त्यावर दुसरा पडला तरी वरून कळत नाही, आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून अशी पावडर रायफलच्या टेबलावर असूच नये.

फास्ट आणि स्लो म्हणजे काय हे पण जरा नीट सांगायला हवं होतं. काटक्या भडकन पेटून संपतात आणि ओंडका सावकाश जळत राहतो, तसंच काहीसं आहे. पावडरच्या दाण्याचा आकार, त्यातली भोकं आणि वरचं केमिकल कोटिंग यावर तो किती लवकर जळणार ते ठरतं. बुलेट बॅरलमधून पुढे सरकते तशी मागची जागा वाढत जाते आणि स्लो पावडर त्या वाढत्या जागेत गॅस देत राहते, म्हणून मोठी केस आणि जड बुलेट असेल तर स्लो, छोटी केस आणि हलकी बुलेट असेल तर त्यामानाने फास्ट. म्हणजे .२२३ रेमिंग्टन या छोट्या काडतुसाला एच ३३५ ही पावडर, .३०८ विंचेस्टरला आयएमआर ४०६४ किंवा ४८९५ किंवा वारगेट, .३०-०६ मध्ये जड बुलेटला ४३५०, आणि मोठ्या मॅग्नमला एच १००० सारख्या पावडरी लोक वापरतात. उलटं केलं, मोठ्या केसमध्ये जड बुलेटमागे फास्ट पावडर ठासली, तर बुलेट नीट हलायच्या आत प्रेशर कुठच्या कुठे जातं. .३०८ ची सामी या अमेरिकन संस्थेने ठरवलेली मर्यादाच ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पाउंड) आहे, आधीच एवढ्या प्रेशरवर चालणाऱ्या वस्तूत अंदाजाला जागा नसते. आणि एम-वन गॅरंड ही जुनी सेल्फ-लोडिंग रायफल वापरणाऱ्यांनी .३०-०६ आहे म्हणून सरसकट ४३५० घेऊ नये, स्लो पावडरने गॅस पोर्टवर (बॅरलमधून गॅस घेणाऱ्या भोकावर) प्रेशर जास्त येतं आणि यंत्रणा चालवणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो, तिथे ४८९५ चांगली.

लेखात पावडरींचा फास्ट ते स्लो असा बर्न रेट चार्ट छापलाय तो ठीक आहे, पण तो नुसता क्रम आहे, कोण कोणाच्या आधी एवढंच. शेजारच्या दोन पावडरींमध्ये फरक किती ते त्यातून कळत नाही आणि त्यावरून चार्ज तर अजिबात काढता येत नाही. चार्ज घ्यायचा तो पावडर कंपनीच्या किंवा बुलेट कंपनीच्या छापील डेटामधूनच, दोन ठिकाणी आकडे वेगळे दिसले तर कमी असेल तिथून सुरुवात, मग थोडं थोडं वर. फार खाली पण जायचं नाही हं, स्लो पावडरचा चार्ज डेटापेक्षा बराच कमी केला तर तेही धोक्याचं असतं.

दाण्याच्या आकाराबद्दल थोडक्यात: गोल दाण्यांची बॉल पावडर मेजरमधून (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्रातून) पाण्यासारखी वाहते, ४०६४ चे लांब दाणे मेजरमध्ये अडकतात, कटकट करत तुटतात. तरी प्रत्येक चार्ज तराजूवर तोलणार असाल, आणि सुरुवातीला तोलायलाच हवा, तर याचं एवढं काही नाही. उन्हाळा-हिवाळा दोन्हीत शूटिंग करणाऱ्याने मात्र तापमानाने कमी बदलणारी पावडर बघावी, वारगेट आणि एच ४३५० त्यासाठीच लोकांना आवडतात.

आता दुसरी चूक, आणि ही जास्त गंभीर. लेखात म्हटलंय की आयएमआर ४३५० आणि एच ४३५० एकच, जी मिळेल ती घ्या. नाही! नंबर सारखा असला तरी या दोन वेगळ्या पावडरी आहेत, दोघींचा डेटा वेगळा छापलेला असतो. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ चं पण तसंच. डब्यावरचं पूर्ण नाव आणि मॅन्युअलमधलं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा हवा, आणि उरलेली पावडर त्याच डब्यात परत गेली पाहिजे. लेबल नसलेल्या डब्यातली पावडर कितीही ओळखीची वाटली तरी वापरायची नाही, आणि नवीन लॉटचा (कारखान्यातल्या वेगळ्या खेपेचा) डबा आणला की चार्ज खाली आणून परत चढायचं.

ज्यांच्याकडे लायसन्स आहे आणि जिथे कायद्याने रीलोडिंग करता येतं तिथले काही वाचक तो लेख कापून ठेवतील. तेव्हा कृपया पुढच्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरात, ४३५० बद्दलची दुरुस्ती छापा, आणि लेखाची ऑनलाइन कॉपी असेल तर ते वाक्य आजच काढा.

आपला,
एक नियमित वाचक