स्विचच्या देखरेखीची वाट वेगळी हवी

महोदय,

नेटवर्क उभारताना स्विचच्या (संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या उपकरणाच्या) देखरेखीची वाट, म्हणजे त्यात लॉगिन करून शिरण्याचा मार्ग, आणि रोजच्या डेटाची वाट सर्रास एकच ठेवली जाते, हे मला गंभीर वाटते. बऱ्याच स्विचचे सगळे पोर्ट (तारा खोचायच्या जागा) मुळात व्हीलॅन १ मध्येच असतात; व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर पाडलेला नेटवर्कचा आभासी कप्पा. देखरेखीचा पत्ताही तिथेच ठेवला, तर भिंतीवरील सॉकेटला लॅपटॉप जोडणारा कोणीही लॉगिनपर्यंत पोहोचतो, आणि टेलनेट (दुरून लॉगिन करण्याची जुनी पद्धत) चालू असेल तर पासवर्डही तारेवरून उघडाच जातो.

माझ्या देखरेखीतील एका ठिकाणी कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोके दोन सॉकेटांत खोचली. इथरनेट फ्रेमला (तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला) आयुर्मर्यादा नसल्याने फ्रेम फिरतच राहिल्या, सगळे दिवे एकसारखे लुकलुकू लागले, आणि दोषी पोर्ट बंद करण्यासाठी स्विचमध्ये शिरावे तर तीच वाट तुंबलेली. शेवटी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी तार) घेऊन प्रत्येक मजला गाठावा लागला.

देखरेखीसाठी वेगळे व्हीलॅन आणि त्यात मोजक्याच संगणकांना प्रवेश, एवढे तरी व्हावे; मात्र तार सामाईक असली की तेही तुंबते, म्हणून स्विचला स्वतंत्र व्यवस्थापन पोर्ट असल्यास त्याला वेगळी तार द्यावीच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ